आगीच्या कायद्यातली कात्री

जुन्या सिनेमाची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नसे, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्याच अंगात असे. त्यात दिव्याची ज्योत उघडी, भोवती लाकडी बाकं आणि वर कापडी छत. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाचा खेळ चालू असताना प्रोजेक्टरच्या दिव्यात ईथर भरताना आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं जळून गेली. त्यात बहुतेक बायका होत्या, सरदार-दरकदारांच्या घरच्या. सिनेमा जन्मून अजून दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं सिनेमा म्हटलं की सरकारच्या डोळ्यांसमोर पहिली यायची ती आग.

ही भीती खरी होती, हे आधीच मान्य करतो. प्रोजेक्टरसाठी आग न लागणारी वेगळी केबिन हवी, दारं बाहेरच्या बाजूला उघडायला हवीत, वाळूच्या बादल्या हव्यात, या नियमांशी कुणाचं भांडण असायचं कारण नाही. माझं भांडण आहे ते या बादल्यांच्या मागून आत शिरलेल्या पाहुण्याशी. सिनेमा ही परवान्याची वस्तू आहे, ती आधी सरकारला दाखवायची आणि मग लोकांना, ही कल्पना आपल्याकडे आगीच्या कायद्याच्या पोटातून आली. पुढे नायट्रेट गेलं, ज्योत गेली, इंग्रज गेले, रीळसुद्धा गेलं. परवाना मात्र जागच्या जागी आहे.

ब्रिटनचा सिनेमाविषयीचा पहिला कायदा १९०९ चा, अंमल १ जानेवारी १९१० पासून. कायदा सुरक्षिततेचा होता आणि स्थानिक कौन्सिलांनी थिएटरला परवाना द्यावा एवढंच त्याचं काम. लंडनच्या कौन्सिलने परवान्यात लगेच एक अट घातली, ती म्हणजे रविवारी खेळ बंद. रविवारी फिल्म जास्त पेटते असं काही नाही. बर्मंडसीच्या एका थिएटरवाल्या कंपनीशी झालेल्या खटल्यात कोर्टाने कौन्सिलच्या बाजूने कौल दिला आणि परवान्याच्या अटी सुरक्षेपुरत्याच असायला हव्यात असं नाही, हे ठरून गेलं. मग रविवारनंतर चित्रांचा नंबर लागायला किती वेळ? गावोगावची कौन्सिलं आपापल्या मर्जीने चित्रपट अडवतील या धास्तीने १९१२ मध्ये धंदेवाल्यांनी स्वतःच एक सेन्सॉर मंडळ काढलं. चोर येणार म्हणून आपणच घराला बाहेरून कुलूप लावण्यासारखा हा प्रकार.

अमेरिकेने आगीचा आडपडदाही ठेवला नाही. शिकागो शहराने १९०७ मध्येच ठराव केला की खेळ लावण्याआधी पोलीसप्रमुखाची परवानगी घ्यायची. पुढे ओहायो राज्याच्या सेन्सॉरविरुद्ध एक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९१५ मध्ये न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की चित्रपट दाखवणं हा निव्वळ नफ्यासाठी केलेला धंदा आहे, त्याला वृत्तपत्रासारखं स्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही. जसं वृत्तपत्र नफ्यासाठी निघतच नाही! हा निकाल फिरायला सदतीस वर्षं लागली. १९५२ हे ते साल ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पहिला खेळ झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. या सगळ्या काळात सिनेमासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो आला १९१८ मध्ये, महायुद्ध चालू असताना, आणि ऑगस्ट १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. कायद्याने एकाच गाठोड्यात दोन गोष्टी बांधल्या होत्या. थिएटर सुरक्षित असलं पाहिजे आणि फिल्म ‘सार्वजनिक प्रदर्शनास योग्य’ असली पाहिजे. सुरक्षित म्हणजे काय, हे मोजता येतं. दार किती रुंद, भिंत कशाची, हे तपासता येतं. योग्य म्हणजे काय, हे मात्र कायद्यात कुठेही सांगितलेलं नव्हतं. ते ठरवणाऱ्या मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते पोलीस कमिशनर. म्हणजे योग्य काय, याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नव्हती.

आणखी एक मेख होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मंडळाचं प्रमाणपत्र हातात पडलं म्हणजे सुटलो असं नव्हतं. एका प्रांताने पास केलेली फिल्म दुसरा प्रांत रद्द करू शकत होता, आणि जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट किंवा शहराचा पोलीस कमिशनर चालू खेळ थांबवू शकत होता. कुलपं दोन, किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत.

पहिला मोठा तडाखा बसला १९२१ मध्ये. मुंबईच्या कोहिनूर कंपनीचे द्वारकादास संपत यांनी ‘भक्त विदुर’ काढला. कथा महाभारतातली. पण विदुराच्या डोक्यावर टोपी, अंगावर खादी, आणि विदुराचं काम स्वतः संपतांनी केलेलं. असहकाराचं वर्ष ते. पडद्यावर कोण उभा आहे हे पोरंसोरंही ओळखत होती. कराचीच्या मॅजिस्ट्रेटने ओळखलं, मद्रासनेही ओळखलं, आणि बंदी आली.

मराठी माणसाला हे नवं नव्हतं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं होतं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली होती, १८७६ च्या नाटकांच्या कायद्याखाली. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. गंमत म्हणजे त्या नाटकाचा सगळ्यात तपशीलवार उलगडा इंग्रजी वाचकांसाठी व्हॅलेंटाइन चिरोलने केला, ज्याच्यावर पुढे टिळकांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. आपल्या नाटकांना इतका बारकाईने वाचणारा समीक्षक सरकारपक्षातच असावा, हा खाडिलकरांचा योगायोग म्हणायचा. तर, पुराणाच्या आडून बोलायची रीत रंगभूमीने घालून दिली होती आणि सिनेमाने ती उचलली.

पण इथे एक फरक आहे, तो नीट बघायला हवा. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. लेख आधी छापले गेले, लोकांनी वाचले, आणि मग सरकार कोर्टात गेलं. सरकारला आरोप ठेवावा लागला, ज्यूरी बसवावी लागली, टिळकांना दिवसेंदिवस बोलू द्यावं लागलं. शिक्षा सहा वर्षांची आणि मंडालेची झाली, निकाल अन्यायाचाच होता. तरीही त्या अन्यायाची नोंद झाली. टिळकांचे त्या वेळचे शब्द आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. विदुराला हे काहीच मिळालं नाही. आरोप नाही, वकील नाही, साक्षीपुरावा नाही. एक अधिकारी, एक शेरा, आणि फिल्म डब्यात. छापील शब्दाला इंग्रजांनी गुन्हेगार मानलं, पण गुन्हेगाराला निदान कोर्टाचा पिंजरा मिळतो. सिनेमाला त्यांनी दारूगोळा मानलं, आणि दारूगोळ्याला कुणी म्हणणं मांडायला सांगत नाही. (१९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने छापखान्यांकडून जामीन रक्कम मागायला सुरुवात करून वृत्तपत्रांनाही त्याच दिशेने ढकललं होतं, हे विसरून चालणार नाही. पण तरीही मजकूर आधी पोलिसाला दाखवून मग छापा, असा सार्वत्रिक नियम नव्हता.)

योग्य-अयोग्य ठरवायला मुंबईच्या मंडळाने माप कुठून आणलं? लंडनहून. ब्रिटिश मंडळाचे अध्यक्ष टी. पी. ओ’कॉनर यांनी महायुद्धाच्या काळात त्रेचाळीस मुद्द्यांची एक यादी केली होती, आणि मुंबईने आपल्या निरीक्षकांना दिलेल्या सूचना बऱ्याचशा तिच्यावरूनच उतरवलेल्या. त्या यादीत नग्नता आहे, दारूबाजी आहे, प्राण्यांना क्रूरपणे वागवणं आहे. पण तिथेच राजाच्या गणवेशाची टिंगल आहे, हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी वाईट रंगात दाखवणं आहे, आणि भांडवल आणि मजूर यांचे संबंधही आहेत. अश्लीलता आणि संप एकाच पंगतीत बसवलेले. हा पंक्तिप्रपंच उगाच नव्हता. पहिल्या नावांवर कुणी हरकत घेत नाही, म्हणून शेवटची नावं त्यांच्या सोबतीने आत येतात.

भांडवल-मजुरांच्या त्या एका कलमाचा गिरणगावाशी काय संबंध, ते १९३४ मध्ये दिसलं. प्रेमचंद तेव्हा मुंबईत आले होते. त्यांची कथा घेऊन मोहन भवनानी यांनी अजंटा सिनेटोनसाठी ‘मिल’ ऊर्फ ‘मजदूर’ काढला. गिरणी, मालक, कामगार, संप. त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला होता आणि कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली होती. ज्या शहरावर तो चित्रपट होता त्याच शहरात तो दाखवायला बंदी झाली. परळ-लालबागच्या चाळींतल्या माणसाने आपलंच आयुष्य पडद्यावर बघितलं तर तो बिथरेल, असा हिशेब. ते आयुष्य तो रोज दहा-दहा तास जगत होता आणि त्याने बिथरायचं ते आधीच बिथरला होता, हे हिशेबात कुठेच नाही.

आता कोल्हापूरला येऊ. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ मध्ये प्रभात काढली. संस्थानात काढली, पण माल विकायचा मुंबई इलाख्यात, म्हणजे शिक्का मुंबईचाच हवा. शिवाजी महाराजांवरचा मूकपट त्यांनी केला, शांताराम स्वतः महाराजांच्या भूमिकेत, आणि नाव ठेवलं ‘स्वराज्याचे तोरण’. मिठाच्या सत्याग्रहाचे ते दिवस. तोरणा घेतला आणि स्वराज्याचं तोरण बांधलं, ही कहाणी मराठी मूल चौथीच्या आत ऐकतं. मूकपटात बोलणं नाही. शब्द म्हणजे काय ते मधल्या पाट्या आणि वरचं नाव. त्या नावातला एक शब्द सरकारला सोसेना. ‘स्वराज्य’ गेलं, महाराज झेंडा चढवतात तो शेवटचा प्रसंग गेला, आणि चित्रपट बाहेर आला ‘उदयकाल’ या नावाने.

उदय कुणाचा? हे विचारायचं कुणाला सुचलं नसावं. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या प्रेक्षकाला ते विचारायची गरजही नव्हती. शिवाजी पडद्यावर आला की स्वराज्य त्याच्या मागून येतंच, त्यासाठी पाटी लागत नाही. प्रभातवर हीच पाळी पुन्हा एकदा आली, १९३५ मध्ये. संत एकनाथांवरचा चित्रपट, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, नाव ‘महात्मा’. तोवर ही पदवी एकाच माणसाची झाली होती. शेवटी नाव झालं ‘धर्मात्मा’. नाथांच्या घरी अस्पृश्य जेवले ही गोष्ट राहिली आणि नाव बदललं. म्हणजे सेन्सॉरने आशय सोडला आणि लेबल पकडलं! कात्री चालवणाऱ्यांच्या बुद्धीबद्दल मला नेहमी वाटत आलंय की ती दुष्ट असण्यापेक्षा कारकुनी जास्त असते. तिला शब्द दिसतात, अर्थ दिसत नाही.

मग या कात्रीने साधलं काय? लोक बदलले नाहीत, पण चित्रपट करणारे बदलले. नाव ठरवताना, पाटी लिहिताना, प्रसंग रचताना मनात आधी कमिशनरचा चेहरा येऊ लागला. जो प्रसंग कापला गेला त्याची कुठेतरी निदान नोंद असते. जो कधी घेतलाच नाही त्याची नोंद कुठे शोधणार? बहुतेक मूकपट आज उरलेलेच नाहीत, त्यामुळे पूर्वी कापलं काय आणि आपणहून गाळलं काय, हे पडताळायची सोयही नाही.

सरकारला खरी भीती कशाची होती, हे १९२० च्या दशकातल्या चर्चेवरून दिसतं. तेव्हा इथे लागणारे बहुतेक चित्रपट अमेरिकन. त्यात गोऱ्या बायका नाचतात, चुंबन घेतात, गोरे पुरुष दरोडे घालतात. हे ‘नेटिव्ह’ लोकांनी बघितलं तर गोऱ्यांचा दरारा राहील का, ही चिंता विलायतेतल्या वर्तमानपत्रांपासून पाद्र्यांपर्यंत सगळ्यांना. त्यात अमेरिकन मालापुढे ब्रिटिश मालाचा खप नाही, हे दुखणंही होतंच. १९२७ मध्ये सरकारने मद्रासचे वकील दिवाणबहादुर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने देशभर फिरून ३५३ साक्षी घेतल्या. फाळक्यांचीही साक्ष झाली. अहवाल १९२८ मध्ये आला. सिनेमामुळे नीती बुडते ही ओरड वाढवून सांगितलेली आहे, ब्रिटिश मालाला झुकतं माप द्यायचं कारण नाही, देशी धंद्याला मदत करा, असं त्यात सांगितलं. या मदतीच्या शिफारशी सरकारने फडताळात टाकल्या.

पण त्याच समितीने सेन्सॉर हवाच, असंही म्हटलं होतं. मला अडतं ते इथे. परक्या सरकारची कात्री वाईट, कात्री मात्र चांगली, हे आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी तेव्हाच मान्य करून टाकलं होतं. १९३८ मध्ये सरहद्दीवरच्या टोळ्यांविषयीचा ‘द ड्रम’ हा ब्रिटिश चित्रपट मुंबईत लागला, तेव्हा हिंदी लोकांना हिणवतो म्हणून निदर्शनं झाली आणि तो उतरवावा लागला. राग रास्त होता. चित्रपट साम्राज्याची आरतीच होता. पण मॅजिस्ट्रेटला विदुर जसा दिसला तसाच तो आपल्याला दिसला, म्हणजे बघणारा बिघडेल अशी वस्तू.

इथे कुणी म्हणेल, अहो पण दंगली होतात, मुलं असतात, काहीच नको का? मुलांचं खरं आहे. पाच वर्षांच्या पोराला काय दाखवू नये हे आईबापांना आधी कळावं यासाठी शिक्का हवा, आणि १९४९ मध्ये ‘यू’ आणि ‘ए’ असे दोन वर्ग आले ती मला या सगळ्या कहाणीतली एकमेव शहाणपणाची दुरुस्ती वाटते. पण वय सांगणं वेगळं आणि प्रौढ माणसासाठी प्रसंग कापणं वेगळं. दंगलीचं म्हणाल तर १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की धमक्या येतात म्हणून चित्रपट थांबवणं म्हणजे कायद्याचं राज्य सोडून देणं. बंदोबस्त करणं हे सरकारचं काम आहे. तरीही पास झालेल्या चित्रपटांवर राज्यं बंदी घालत राहिली. २०११ मध्ये ‘आरक्षण’वरची उत्तर प्रदेशची बंदी सर्वोच्च न्यायालयाला उठवावी लागली. १९१८ च्या मॅजिस्ट्रेटचं दुसरं कुलूप अजून दाराला लटकतंय.

आता ते १९५२ साल. मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपला १९१५ चा निकाल फिरवला आणि चित्रपट हेही भाषण आहे, असं म्हटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा सिनेमॅटोग्राफ कायदा केला. राज्यघटना दोन वर्षांची, तिच्यात अभिव्यक्तीचा हक्क लिहिलेला, आणि तरी नव्या कायद्यात फिल्म तपासणं आणि थिएटरचे परवाने पुन्हा शेजारी शेजारी, जसे १९१८ मध्ये होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी शहरांतल्या श्रीमंती-गरिबीवर एक माहितीपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. त्या प्रकरणात १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने आधीचं सेन्सॉर घटनेत बसतं, असा निकाल दिला. कारण काय, तर चित्रपट इतर कलांपेक्षा भावना जास्त खोल हलवतो. हेच कारण शब्द बदलून कराचीच्या मॅजिस्ट्रेटलाही चाललं असतं. आणि मला विचाराल तर ते खरंही नाही. चांगलं कीर्तन ऐकून आलेल्या माणसाला विचारा.

१९८३ मध्ये मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ काढून ‘प्रमाणन’ आलं. ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला तसंच हे. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने सांगितलं की मंडळाने फक्त वर्गवारी करावी. २०२१ मध्ये दाद मागायचं अपील न्यायाधिकरणच बंद झालं, आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं, आणि प्रदर्शनाची तारीख ठरलेल्या छोट्या मराठी निर्मात्याला ते परवडत नाही, म्हणून तो निमूटपणे कट मान्य करतो. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वयोगट आणले, ते चांगलं झालं. पण वयोगट आल्यावर जी कात्री अनावश्यक ठरायला हवी होती, ती तशीच ठेवली. बेनेगल समितीचं अर्धं ऐकलं, आणि नेमकं सोपं अर्धं.

मागणी साधी आहे. थिएटरची आग अग्निशमन दलाने बघावी. मंडळाने वय सांगावं आणि बाजूला व्हावं. चित्रपटाने गुन्हा केला असं कुणाला वाटत असेल तर त्याने तो प्रदर्शित झाल्यावर कोर्टात जावं, आरोप ठेवावा, पुरावा द्यावा, जसं एखाद्या मराठी पुस्तकाबद्दल करावं लागतं. इंग्रजांनी टिळकांना दिलं तेवढं तरी आपण एखाद्या दिग्दर्शकाला द्यावं.

लहानपणी तंबूतल्या खेळाआधी पडद्यावर प्रमाणपत्र यायचं. नाव, रिळांचा आकडा, सह्या, आणि एखाद्यावर खालच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण. त्रिकोण दिसला की मागून शिट्ट्या पडायच्या, कारण त्याचा अर्थ तंबूतल्या सगळ्यांना ठाऊक होता. यातलं काहीतरी कापलं आहे. काय कापलं, ते त्या कागदावर तेव्हाही लिहिलेलं नसे.